लाल ठिपक्याचे खुबे

"होडेकर, ठिपका मधोमध द्या," बिरनाळे सर म्हणाले. "आणि बेताने. प्राण्याला त्रास व्हायला नको."

प्राण्याला त्रास होतो आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. खुब्याने दोन्ही शिंपा गच्च मिटून घेतल्या होत्या. मी मधोमध ठिपका दिला, फुंकर मारली आणि तो पेपरावर ठेवला. एकशे चाळीस.

सकाळचे सात वाजले होते. ओहोटी होती, आणि टी.वाय.बी.एस्सी. झूलॉजीचे आम्ही सहा जण वेळसोंड्याच्या खाडीकाठी बसून खुब्यांना नेलपॉलिश लावत होतो. सर सांगलीकडचे. त्यांनी पँट दुमडली, मोजे काढून खिशात ठेवले, चिखलात दोन पावलं टाकली आणि परत वर आले. त्यानंतर ते काठावरून सूचना देत राहिले.

"पांढरा रंग का नाही आणला?"

"शिंपाच पांढरट आहेत सर. उठून दिसणार नाही."

"बरोबर. निरीक्षण चांगलं आहे."

लाल रंग मीच सुचवला होता. वेळसोंडे माझं गाव. त्या खाडीत लाल ठिपक्याचा अर्थ काय होतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. कॉलेजच्या वेळेत मात्र माहीत नव्हतं.

उद्देश

खाडीतले सगळे खुबे न मोजता खुब्यांची संख्या काढणे.

हे जमतं. सरांनी वर्गात तांदळाच्या डब्याचं उदाहरण दिलं होतं. डब्यात मूठभर हरभरे टाका, डबा नीट हलवा, मग वाटीभर काढून बघा. वाटीत एखाददुसरा हरभरा आला, तर डब्यात तांदूळ भरपूर. वाटीत हरभरेच हरभरे आले, तर तांदूळ संपत आलेत असं समजा. आमचे तीनशे लाल खुबे म्हणजे ते हरभरे. पंधरा दिवसांनी वाटी काढायची.

"आकडा हजाराच्या आत आला तर मी गप्प बसणार नाही," सर म्हणाले. "ग्रामपंचायतीला लिहिणार. दोन वर्षं खुबे काढणं बंद. प्रत्येक अधिवासाची एक धारणक्षमता असते. ती ओलांडली की जीवसंख्या कोसळते."

सरांनी हे मनापासून सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं. 'दोन वर्षं बंद' याच्या खाली रेघ मारली.

उद्देश (दुसरा, वहीत नसलेला)

श्रावणात आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात शिंप घुसली. जखम भाद्रपदात भरली नाही, आश्विनातही नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी साखर तपासली, कागदावर आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"चिखलात पाय घालायचा नाही," ते म्हणाले. "आधी अंगठा जाईल. मग पाऊल. मग इथून." त्यांनी आपल्या गुडघ्याखाली हात ठेवला.

आई घरी आली. दुधाची रिकामी पिशवी पायावर चढवली, सुतळीने बांधली आणि पाटी घेऊन निघाली.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"चिखल लागू देऊ नको म्हनाले. मग ही काय घातलीय पिशवी?"

"घरी बस म्हणाले."

"घरी बसून काय खायचं, ते नाय लिहून दिलं कागदावर."

बाबा ट्रॉलरवर खलाशी होते. गेले की तीन तीन महिने जात. भांडून झालं. अबोला धरून झाला. सुतळी लपवून झाली. आईने साडीचा काठ फाडून बांधला. चौदा वेळा सांगितलं, मोजून. मी मोजणारीच होते.

गृहीतके

सरांनी फळ्यावर चार लिहिली होती:

१. खुणेमुळे प्राण्याच्या जगण्यात फरक पडत नाही.
२. खूण पुसली जात नाही.
३. खूण केलेले प्राणी इतरांत सारखे मिसळतात.
४. खाडीतून प्राणी काढणारे खुणेच्या आणि बिनखुणेच्या प्राण्यांत भेद करत नाहीत.

"काढणारे म्हणजे कोण सर?"

"परभक्षी. लिहून घ्या. समुद्रपक्षी, खेकडे, स्थानिक स्त्रिया."

आम्ही लिहून घेतलं. अन्नसाखळीच्या आकृतीत मी शेवाळ काढलं, त्यावर खुबा, त्यावर बाण, आणि बाणाच्या टोकाला नऊवारीतली एक बाई. सरांनी आकृतीला 'छान' असा शेरा दिला.

कृती

तीनशे खुबे रंगवले. वाळवले. खाडीभर पसरून सोडले. हे पसरण्याचं काम मी केलं, कारण चिखलात मलाच चालता येत होतं. मी नीट पसरले. त्या कामात खोट नव्हती.

चौथ्या दिवशी आई खाडीवरून आली. न्हाणीपाशी बसून पिशवी सोडायला लागली.

"आज सतरा ठेवले परत," ती म्हणाली.

"काय?"

"नवसाचे खुबे. धुरपावैनीला चौदा गावले. त्या खालच्या वाडीच्या पोरींना पण. कुनीतरी मोठा नवस बोललाय खाडीला."

इथे मला ही पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे खाडीला नवस बोलतात. खुब्याला कुंकू लावायचं, मनात मागणं बोलायचं आणि खुबा पाण्यात सोडायचा. खुबे काढताना कुणाला तसा सापडला, तर तो खायचा नाही. काठाजवळ काळा दगड आहे, खाडीचा राखणदार. त्याच्या पायाशी तो खुबा नेऊन पुरायचा. नवस कुणाचा ते विचारायचं नाही. दुसऱ्याचं मागणं कुणी शिजवून खात नाही.

"कुंकू नाही ते," मी म्हणाले. "नेलपॉलिश आहे."

"ते काय कळत नाय आम्हाला? धुरपावैनीनं नखानं खरवडून बघितलं. म्हनाली, कुंकू भरतीत धुपतं. ही कुनी शिकलेली पोर हाय, तिनं पक्क्या रंगाचं लावलंय. डोकं हाय पोरीला."

मी तिच्या पायाच्या सुतळीची गाठ सोडवायला घेतली.

"पाच खुबे म्हंजे ताप उतरू दे," आई म्हणाली. "अकरा म्हंजे मूल होऊ दे. आतापर्यंत दीडशे झालेत, गो. एवढं काय मागितलं असंल?"

ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते. त्याचा रंग सोमवारपेक्षा काळा होता.

रात्रीच्या जेवणात तिने मला बोंबलाचा मोठा तुकडा वाढला. मी तो खाल्ला आणि खाता खाता गणित केलं.

गृहीतक तीन: मोडलं. लाल खुबे सारखे मिसळत नव्हते, एका दगडापाशी जमत होते.
गृहीतक चार: मोडलं. स्थानिक स्त्रिया भेद करत होत्या.

सरांना सांगायला हवं होतं. प्रॅक्टिकल रद्द झालं असतं, पुन्हा केलं असतं. शुक्रवारी मी सरांच्या केबिनपर्यंत गेले. सर डबा खात होते. "या, होडेकर. काही अडचण?"

"नाही सर."

हे वाक्य वहीत नाही, म्हणून इथे लिहिते. मी म्हणाले, नाही सर.

कृती (पुढे)

पंधरा दिवसांनी तीच ओहोटी. सरांनी या वेळी गमबूट आणले होते. त्यांनी काठावरून खाडीकडे पाहिलं. खाडी रुंद होती आणि गमबूट घोट्याच्या थोडे वर.

"नमुना कुठून घ्यायचा, होडेकर? तुमचं गाव आहे."

सहा जणांत हा प्रश्न मलाच विचारला गेला. वर्गातला शिरगावकर मागून म्हणाला, "मधोमध घेऊया की सर, चार ठिकाणांहून." त्याचं बरोबर होतं.

"मध्ये कमरेइतकं रुततं," मी म्हणाले. हेही खरं होतं. "तिथे घ्या सर. त्या काळ्या दगडापाशी. चिखल कमी आहे."

सर त्या काळ्या दगडापाशी गेले.

निरीक्षण

काढलेले खुबे: १२०
त्यांपैकी लाल ठिपक्याचे: ९०

"अरे बापरे," सर म्हणाले.

आकडेमोड

पहिल्यांदा खूण केलेले गुणिले दुसऱ्यांदा काढलेले, भागिले त्यांतले खुणेचे. तीनशे गुणिले एकशेवीस भागिले नव्वद.

चारशे.

सरांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा चारशेच आले, कारण भागाकार बरोबर होता. घरी निघताना एसटीच्या थांब्यावर ते म्हणाले, "अख्ख्या खाडीत चारशे. होडेकर, तुमच्या गावाला कल्पना तरी आहे का?"

"नाही सर."

चर्चा

रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात सभा भरली. सरपंच दत्तारामकाका भाटकर खुर्चीवर, सर फळ्यापाशी, खुबे काढणाऱ्या तीसेक बायका पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून. आई खिडकीजवळ होती. येतानाच तिने दुधाची पिशवी कमरेला खोचून आणली होती. ओहोटी दुपारी एकला होती.

सरांनी आलेख दाखवला. धारणक्षमता सांगितली. अन्नसाखळी सांगितली. तक्त्यावर माझी आकृती मोठी करून लावली होती.

"ही बाई कोन?" धुरपाकाकीने विचारलं.

"परभक्षी," सर म्हणाले.

"म्हंजे?"

"जी दुसऱ्या प्राण्याला खाते ती."

"आनि ज्यांना आम्ही विकतो ते? ते नाय काढले?"

सरांनी तक्त्याकडे पाहिलं. "ते... ते आकृतीत मावले नाहीत."

मग त्यांनी आकडा सांगितला. सगळ्या बायका एकदम हसल्या. एकीने पदर तोंडात कोंबला.

"चारशे?" धुरपाकाकी म्हणाली. "मास्तर, चारशे माझ्या एका पाटीत असतात. काल दोन पाट्या काढल्या. म्हंजे उने चारशे उरले काय?"

"ताई, तुम्हाला हसू येतंय, पण हे शास्त्र आहे. होडेकर, तुम्ही सांगा. तुमच्या भाषेत सांगा त्यांना."

मी उठले. तांदळाचा डबा सांगितला, हरभरे सांगितले, वाटी सांगितली. या बायकांना वाटी आणि डबा कळायला वेळ लागला नाही. सरांना लागला होता त्यापेक्षा कमीच.

"म्हंजे," धुरपाकाकी म्हणाली, "वाटीत हरभरे जितके जास्त, तितका डबा रिकामा."

"हो."

"आनि आधीच कुनी सगळे हरभरे वेचून डब्याच्या एका कोपऱ्यात ठेवले असतील, आनि तुम्ही वाटी त्याच कोपऱ्यात बुडवलीत तर?"

सरपंचांनी चष्मा काढला.

"कुणी वेचले?" सर म्हणाले.

"आम्ही. नवसाचे खुबे राखनदारापाशी न्यायचे असतात. पंधरा दिस तेच करतोय. पाठ मोडली."

सरांनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. तो खाली पडला. त्यांनी तो उचलला आणि पुन्हा ठेवला.

"होडेकर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो सर."

"नमुना घ्यायच्या आधी?"

"हो."

"आणि तरी तुम्ही मला त्या दगडापाशी नेलंत."

"हो सर."

"का?"

खिडकीकडून आवाज आला.

"तिला बोलू नका, सर." आई उभी राहिली होती. बाकावर हात टेकून, डावा पाय अधांतरी धरून. "तिची चूक नाय. मी सांगितलं सगळ्यांना. एकसुद्धा लाल खुबा पाटीत जाता कामा नये म्हनून. खालच्या वाडीच्या तिघींच्या तर मी पाट्या उलट्या करून बघितल्या."

"पण का, आई?" हे मी विचारलं. चार लोकांत मी तिला कधी उलट विचारलं नव्हतं.

"का म्हंजे? त्या दिवशी घरी आलीस तर तुझी दहाच्या दहा बोटं लाल. मला काय दिसत नाय? माझ्या पायासाठी पोरीनं तीनशे खुब्यांचा नवस बोलला, आनि तो मी कुनाच्या कालवनात जाऊ देनार?"

मला खुर्ची नव्हती, म्हणून मी उभीच राहिले.

"ताई," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी हळू होता, "तो नवस नाही. ती खूण आहे. संख्या काढायची पद्धत आहे. होडेकर, सांगा त्यांना."

"सांग गो सुगंधा," धुरपाकाकी म्हणाली. "नवस का पद्धत?"

आकडा गेला होता. त्याच्याबरोबर बंदी गेली होती. दुपारी एकला ओहोटी होती आणि पिशवी आईच्या कमरेला होती. माझ्याकडे सर बघत होते. तीन वर्षं त्यांनी मला शिकवलं होतं, आणि माझं निरीक्षण चांगलं आहे असं म्हटलेले ते पहिले.

"नवस," मी म्हणाले.

सर खाली बसले. पहिल्या बाकावर, पोरांच्या.

"काय मागितलंस?" सरपंचांनी विचारलं. विचारायचं नसतं, पण ते सरपंच होते.

"आईने खाडीत उतरू नये."

कुणीतरी "अगो बाय" म्हणालं. धुरपाकाकीने कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला. "यमुनावैनी! तुज्याच विरुद्ध गो! तुज्याच विरुद्ध नवस, आनि तूच पाट्या उलट्या करून पोचवलास!"

आई हसली नाही. "माझ्याशी बोलायचं होतंस," ती मला म्हणाली.

"बोलले होते. चौदा वेळा."

"ते बोलनं वेगळं."

"आता वेगळं बोलले."

"यमुने, मान्य झालाय तो," मागून एक म्हातारी म्हणाली. ती तोवर बोलली नव्हती. "राखनदारापाशी पोचला की मान्य. ज्याच्यासाठी बोलला त्यानं फेडायचा. पोरीच्या डोक्यावर ठेवू नको."

डॉक्टरांचं आईने ऐकलं नव्हतं. सरांनी दोन वर्षांची बंदी घातली असती तरी ती पहाटेच्या ओहोटीला गेली असती. हे मला त्या वर्गात, तिच्याकडे बघताना कळलं. इतके दिवस मी चुकीच्या आकड्यावर मेहनत घेतली होती. तिने कमरेची पिशवी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि बाकावर ठेवली.

"मग पाटी कोन भरील?" तिने विचारलं.

तीस बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

गुण

पन्नासपैकी एकोणतीस. शेरा: 'गृहीतके पाळली नाहीत.' त्याखाली लहान अक्षरात, पेन्सिलने: 'आईंची तब्येत कशी आहे?'

सरांनी पुढच्या महिन्यात ते प्रॅक्टिकल पुन्हा केलं. काळ्या पक्क्या रंगाने ठिपके दिले, गमबूट घरी ठेवले आणि शिरगावकरला धरून कमरेइतके आत गेले. आकडा अडतीस हजार आला. ग्रामपंचायतीला त्यांनी काही लिहिलं नाही. सभेच्या त्या सकाळबद्दल ते पुढे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि एम.एस्सी.साठी लागणारं पत्र मी मागितलं नाही. ते एका वर्षाने आपणहून आलं.

आता मीही हा धडा शिकवते. चार गृहीतके फळ्यावर लिहिते. आईचा अंगठा शेवटपर्यंत जागेवर राहिला. नख मात्र परत आलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. सभा संपली तेव्हा साडेअकरा वाजले होते. एक वाजता मी परकर खोचून खाडीत उतरले. आई बांधावर बसली, पाय कोरड्या फडक्यावर ठेवून. मी वाकून चिखलात बघत होते. अर्ध्या तासात नऊ खुबे मिळाले. शेजारी धुरपाकाकीची पाटी भरत आली होती.

"काय बघतीस खाली?" आई बांधावरून ओरडली. "चिखलात काय दिसतं काय? तीन वर्षं कॉलेजात काय शिकवलं गो तुला? डोळं मीट आनि पायानं बघ!"

मी डोळे मिटले.

"आता टाच फिरव. हळू. लागलं काय काय तरी?"

"हो."

"मग थांबलीस कशाला? काढ!"